एका वायरचा मॉनिटर

नारायणगडाला धाकटी पंढरी म्हणतात. नगद नारायण महाराजांच्या या गडावर एकादशीला बीड जिल्ह्यातल्या गावागावांतून माणसे येतात. याच गावांमधली शिकलेली पोरे आता पुण्यात हिंजवडी, खराडीकडे कामाला आहेत. सणासुदीला ती गावी येतात तेव्हा पाठीवरच्या सॅकमध्ये कंपनीचा लॅपटॉप असतोच. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि अशा हजारो पोरांनी महिनोन्‌महिने गावातल्या घरूनच काम केले. चौदा इंची पडद्याकडे वाकून बसल्याने मान धरते, एक्सेलचे अर्धे रकाने दिसत नाहीत आणि मीटिंग चालू असताना दुसरे काही उघडता येत नाही, हे तेव्हा घरोघरी कळले. मग चोवीस-सत्तावीस इंची मॉनिटर आले. त्यातल्या नव्या मॉनिटरला लॅपटॉप जोडायला एकच वायर लागते. चित्र तिच्यातूनच जाते आणि चार्जिंगही तीच करते. कीबोर्ड, माऊस, हेडफोन आणि लॅनची केबल मॉनिटरलाच खोचलेली असतात. लॅपटॉप आला की वायर लावायची, निघाला की काढायची.

ही सोय कुठून आली याचा मागोवा घ्यायचा तर चित्राच्या मागे लागून फारसे हाती लागत नाही. पडदे मोठे झाले, सपाट झाले, ते सगळ्यांनी पाहिलेच आहे. माझ्या मते पाहायची गोष्ट वेगळी आहे. वीज कोण कोणाला देते, हे पाहत गेले की या वस्तूची सगळी वंशावळ उलगडते.

१९८१ साली आयबीएमचा पीसी आला. त्याच्याबरोबरच्या ५१५१ या हिरव्या अक्षरांच्या मॉनिटरला चालू-बंद करायचे स्वतःचे बटणसुद्धा नव्हते. त्याची विजेची वायर भिंतीतल्या बोर्डाला न जाता संगणकाच्या पाठीमागच्या सॉकेटला जायची. संगणक चालू केला की मॉनिटर चालू, बंद केला की बंद. ही पद्धत आपल्याकडेही बरीच वर्षे टिकली. २००१ मध्ये एमकेसीएल ही संस्था स्थापन झाली, एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाचे क्लास तालुक्यातालुक्याला निघाले. त्या क्लासमधल्या असेम्बल केलेल्या मशीन ज्यांनी हाताळल्या त्यांना आठवेल, ज्याला सगळे ‘सीपीयू’ म्हणायचे त्या कॅबिनेटच्या मागे एसएमपीएसला दोन सॉकेट असायची. एकातून वीज आत यायची, दुसऱ्यातून मॉनिटरला जायची. संगणक देणारा आणि मॉनिटर घेणारा, असे हे नाते होते.

चित्रही एकाच दिशेने जायचे. १९८७ मध्ये आयबीएमने पीएस/२ बरोबर व्हीजीए आणले. तीन ओळींत पंधरा पिना, दोन्ही बाजूंना पिळायचे स्क्रू. पुढे हा जोड निळ्या रंगाने ओळखला जाऊ लागला आणि शाळांतल्या प्रोजेक्टरवर तो अजूनही दिसतो. पहिली सात वर्षे मॉनिटर संगणकाला फारसे काही सांगू शकत नव्हता. समोर कोणता पडदा आहे, किती ठिपक्यांचा आहे, हे संगणकाला माणसाने सांगायचे. चुकीचे सांगितले तर पडद्यावर नुसत्या रेघा. १९९४ मध्ये ‘व्हेसा’ या मानके ठरवणाऱ्या संघटनेने डीडीसी नावाची व्यवस्था ठरवली. त्याच पंधरा पिनांतल्या दोन पिनांवरून मॉनिटर आपली कंपनी, मॉडेल आणि झेपणारी रिझोल्यूशन संगणकाला कळवू लागला. माहिती होती जेमतेम १२८ बाइटची. पण मॉनिटरने संगणकाला आपली नीट ओळख उलट दिशेने सांगितली ती इथे, म्हणून या कथेतली ही मोठी तारीख आहे. मागोवा घेणारे बहुतेकजण ती गाळून सरळ यूएसबीवर येतात, ते मला पटत नाही.

दुसरी शाखा लॅपटॉपची. पातळ आणि हलका करायचा तर त्याची पोर्ट कमी करावी लागतात, आणि पोर्ट कमी केली की टेबलावर काम अडते. यावर डॉकिंग स्टेशन हा तोडगा निघाला. ऑक्टोबर १९९२ मध्ये ॲपलने पॉवरबुक ड्युओ आणि त्याचा ड्युओ डॉक काढला. मिटलेला लॅपटॉप व्हीसीआरमध्ये कॅसेट सारावी तसा डॉकच्या तोंडात सारायचा, आतली मोटर तो ओढून घ्यायची, आणि वर ठेवलेल्या मॉनिटरवर काम सुरू व्हायचे. कॉम्पॅक, आयबीएम, तोशिबा यांचेही डॉक होते. या सगळ्यांचा दोष एकच. एका कंपनीचा डॉक दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपला चालत नसे, आणि बऱ्याचदा त्याच कंपनीच्या पुढच्या मॉडेललाही नाही. लॅपटॉप बदलला की महागडा डॉक भंगारात. मोठ्या शहरांतल्या मोठ्या ऑफिसांबाहेर तो फारसा का गेला नाही, याचे कारण हेच.

जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीचे पहिले मानक आले. इंटेलमध्ये ते घडवणाऱ्यांत अग्रणी होते अजय भट्ट. त्यांचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातले. सयाजीराव जन्माने नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, तेव्हा मराठी वाचकाने हा धागा लक्षात ठेवायला हरकत नाही. यूएसबी आल्यावर काही मॉनिटरच्या बुडाशी किंवा बाजूला दोन-चार यूएसबी पोर्ट दिसू लागली. पण ती चालायला संगणकापासून मॉनिटरपर्यंत आणखी एक वायर लागायची, एका टोकाला चौकोनी तोंडाची. ती खोक्यातच पडून राहायची आणि मॉनिटरची पोर्ट बंद आहेत असा समज व्हायचा.

सगळे एका वायरीत कोंबण्याचा एक गंभीर प्रयत्न २००० साली ॲपलने केला. एडीसी नावाच्या जोडात चित्र, यूएसबी आणि वीज तिन्ही होते. मात्र वीज जुन्याच दिशेने, संगणकाकडून मॉनिटरकडे जायची. मोठ्या डेस्कटॉपला ते परवडले, पण लॅपटॉप स्वतःच बॅटरीवर जगणारा. तो मॉनिटरला कुठून वीज देणार? २००४ च्या मॉनिटरमध्ये ॲपलने तो जोड सोडून दिला.

याच दशकाच्या शेवटी महाराष्ट्रात लॅपटॉपला दुसरा पडदा जोडण्याचे काम अशा प्रमाणावर सुरू झाले की त्याची नोंद या मागोव्यात यायलाच हवी. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. आधार नोंदणीच्या साहित्याची जी यादी आधार प्राधिकरणाने ठरवली होती ती काळजीपूर्वक वाचण्यासारखी आहे. लॅपटॉप किंवा डेस्कटॉप, त्याला किमान पाच यूएसबी पोर्ट. बोटांचे ठसे घेणारे यंत्र, डोळ्यांच्या बुबुळाचे यंत्र, कॅमेरा, लेझर प्रिंटर, पाठीमागे लावायचा पांढरा पडदा, एक्स्टेन्शन बोर्ड, बोटे ओली करायला स्पंज, लाईट गेली तर २००० व्हीएचा जनरेटर. आणि एक जादा मॉनिटर, पंधरा-सोळा इंचांचा, नोंदणीला आलेल्या माणसाकडे तोंड केलेला. ऑपरेटर टाइप करतो ते नाव, जन्मतारीख, पत्ता समोरच्याने स्वतः वाचून तपासावे यासाठी तो होता. हा दुसरा पडदा नागरिकाच्या हक्कासाठी ठेवलेला होता, आणि म्हणून मला तो या सगळ्या वंशावळीतला सर्वांत मोलाचा वाटतो. ज्या केंद्रांवर तो भिंतीकडे वळवलेला असे तिथल्या चुका लोक दुरुस्तीच्या रांगेत उभे राहून निस्तरत आले.

आधार नोंदणीच्या टेबलाचे तांत्रिक दुखणेही त्या यादीतच दिसते. पाच-सहा यंत्रे, तितक्याच वायरी, आणि सगळा भार लॅपटॉपच्या कडेला असलेल्या इवल्याशा पोर्टवर. आजही आपल्याकडच्या कोणत्याही ई-सेवा केंद्रात गेलात तर हे दिसेल. थंब मशीन, प्रिंटर, वेबकॅम, पेन ड्राइव्ह, सगळे दिवसातून दहा वेळा काढायचे-घालायचे. पीक विम्याच्या दिवसांत रांग दारापर्यंत गेलेली असते आणि ऑपरेटर सैल झालेले पोर्ट एका बोटाने दाबून धरून दुसऱ्या हाताने शेतकऱ्याचा अंगठा घेत असतो. यूएसबी पोर्ट सैल झाले की बऱ्याच लॅपटॉपमध्ये त्याचा खर्च मदरबोर्डपर्यंत जातो.

विजेची दिशा उलटली ती टेंभलीच्या दोन वर्षे आधी, २००८ मध्ये. त्या ऑक्टोबरात ॲपलने २४ इंची एलईडी सिनेमा डिस्प्ले आणला. त्याच्या एकाच केबलला शेवटी तीन फाटे होते: एक चित्राचा, एक यूएसबीचा आणि तिसरा लॅपटॉपला चार्ज करणारा. मॉनिटर भिंतीतून वीज घेतो आणि लॅपटॉपला देतो, हे इथून सुरू झाले. २०११ च्या २७ इंची थंडरबोल्ट डिस्प्लेमध्ये त्याच कंपनीने पाठीमागे लॅनचे पोर्टही दिले आणि जाहिरात करताना त्याला डॉकिंग स्टेशनच म्हटले. डॉक आणि मॉनिटर या दोन शाखा तिथे एक झाल्या. पण ते फक्त मॅकवाल्यांपुरते होते आणि त्याची किंमत आपल्या गावांच्या आवाक्याबाहेरची.

सर्वांसाठी दार उघडले ते यूएसबी टाइप-सीने. ऑगस्ट २०१४ मध्ये त्याचे मानक प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच महिन्यात त्याच जोडातून डिस्प्लेपोर्टचे चित्र नेण्याची सोय ठरली. २४ पिना, उलटसुलट कसाही घाला. विजेची वाटाघाट यात फार विचारपूर्वक बांधली आहे. वायर लावल्याबरोबर फक्त ५ व्होल्ट मिळतात. मग मॉनिटर आपण काय काय देऊ शकतो ते सांगतो, लॅपटॉप त्यातले हवे ते मागतो, आणि ठरल्यावरच व्होल्टेज वर चढते. कमाल मर्यादा आधी १०० वॉट होती, २०२१ मध्ये ती २४० वॉट झाली. ३ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह न्यायचा असेल तर केबलमध्येही ओळख सांगणारी चिप लागते. म्हणून मोबाइलच्या चार्जरची केबल मॉनिटरला लावली की अनेकदा चार्जिंग रडतखडत होते, आणि तिच्यात चित्राच्या तारा नसल्या तर चित्र येतच नाही.

या एका वायरीला मर्यादाही आहे आणि दुकानदार ती सांगत नाहीत. टाइप-सीमध्ये वेगवान माहितीच्या चार मार्गिका असतात. फोर-के चित्र सेकंदाला ६० वेळा दाखवायचे तर बऱ्याच मॉनिटरमध्ये चारही मार्गिका चित्रालाच लागतात. मग मॉनिटरवरची यूएसबी पोर्ट जुन्या ४८० मेगाबिटच्या वेगावर उतरतात. कीबोर्ड-माऊसला काही फरक पडत नाही, पण हार्ड डिस्कवर मोठी फाइल टाकायला घेतली की जीव जातो. काही मॉनिटरच्या मेन्यूत चित्र महत्त्वाचे की माहितीचा वेग, हे निवडता येते. सत्तावीस इंची क्यूएचडी, म्हणजे फोर-केपेक्षा कमी ठिपक्यांच्या पडद्याला दोन मार्गिका पुरतात आणि उरलेल्या दोन माहितीला मिळतात. घरून काम करणाऱ्याने फोर-केच्या मागे न लागता हाच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता नारायणगडच्या परिसरातला खरा प्रश्न. लॅपटॉपचे मोठे बळ म्हणजे लाईट गेली तरी तो चालतो. मॉनिटरला बॅटरी नाही. सगळे त्याच्यातून घेतले की लाईट जाताच नुसता पडदा काळा होत नाही. त्याच्यातून आलेले लॅन जाते, हेडफोन जातो, कीबोर्ड जातो, आणि जोडलेली हार्ड डिस्क लिहिता लिहिता तुटते. जळालेली डीपी (ट्रान्सफॉर्मर) बदलून मिळेपर्यंत गाव अंधारात काढण्याची सवय आपल्या माणसांना आहे. पुण्यातल्या मॅनेजरला ती नाही.

इन्व्हर्टर असेल तर हिशेब सोपा आहे. सत्तावीस इंची मॉनिटर स्वतः तीसेक वॉट घेतो, लॅपटॉपला ६५ देतो, म्हणजे शंभराच्या आत-बाहेर. १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तासांची. घट धरूनही कामाचा दिवस निघतो. खरी गोम दुसरीकडे आहे. घरगुती इन्व्हर्टरवर बहुधा दोन मोड असतात. साध्या मोडमध्ये तो बॅटरीवर यायला इतका वेळ घेतो की मॉनिटर एकदा मिटून उघडू शकतो, आणि तेवढ्यात सगळी जोडणी तुटते. यूपीएस मोडमध्ये हा वेळ पुष्कळ कमी होतो. पण त्या मोडमध्ये साधारण १८० व्होल्टच्या खाली लाईट आली की तो ती नाकारून बॅटरीवर जातो. संध्याकाळी आणि मोटारी चालू असताना गावात व्होल्टेज किती असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा मॉनिटर आणि राउटरपुरता छोटा वेगळा यूपीएस ठेवणे हाच पक्का उपाय.

शाळा, ग्रामपंचायत किंवा सेवा केंद्रासाठी खरेदी करणाऱ्यांना एक विनंती. मॉनिटरच्या मागणीपत्रात नुसते इंच आणि किंमत लिहू नका. टाइप-सीमधून किमान ६५ वॉट चार्जिंग, लॅनचे पोर्ट, किमान चार यूएसबी पोर्ट आणि सोबत यूपीएस, हे चार शब्द वाढवा. लॅपटॉप चार-पाच वर्षांत बदलावा लागतो. असा मॉनिटर पुढच्या लॅपटॉपलाही चालेल, मग तो कोणत्याही कंपनीचा असो. आणि सेवा केंद्रात त्याचे तोंड समोर बसलेल्या माणसाला आपले नाव वाचता येईल असे ठेवा.