ग्लॅक्सोच्या डब्याची जन्मकथा

मुळशी पेट्यातून उदरनिर्वाहासाठी मुंबईस गेलेल्या आपल्या कित्येक ज्ञातिबांधवांच्या घरी, बाळंतिणीच्या खोलीतील फळीवर एके काळी पत्र्याचा एक डबा दिसे. त्यावर ‘ग्लॅक्सो’ ही अक्षरे असत. आतील भुकटी संपली की त्यात हळद, मोहरी वा सुपारी जाई. मूल मोठे होऊन नोकरीस लागले तरी डबा घर सोडीत नसे. गुटगुटीत मुलास ‘ग्लॅक्सो बेबी’ म्हणण्याचा प्रघात याच डब्यामुळे पडला. परंतु तो मूळचा कोणाचा, हे वाचकांपैकी फार थोड्यांस ठाऊक असेल.

जोसेफ नेथन हे लंडनमध्ये जन्मलेले ज्यू गृहस्थ. न्यूझीलंडमध्ये जाऊन त्यांनी १८७३ मध्ये वेलिंग्टन येथे आपल्या नावाची व्यापारी पेढी स्थापन केली. पुढे पुत्रही कारभारात आले. तप्त रुळांवर दुधाचा पातळ थर वाळवून त्याची भुकटी करण्याच्या नव्या कृतीचे हक्क या कुटुंबाने घेतले आणि १९०४ मध्ये बनीथॉर्प या गावी कारखाना उघडला. नावासाठी प्रथम ‘लॅक्टो’ हा शब्द योजिला होता. त्याची नोंदणी होईना, तेव्हा अक्षरांत फेरफार करून ‘ग्लॅक्सो’ हे नाव सिद्ध झाले व १९०६ मध्ये नोंदले गेले.

केवळ भुकटीवर हा धंदा वाढला असे मात्र नव्हे. जोसेफ यांचे चिरंजीव ॲलेक यांनी लंडनमध्ये बसून १९०८ पासून वृत्तपत्रांत जाहिरातींचा धडाका लावला, मातांसाठी बालसंगोपनाचे पुस्तक काढले, आणि त्यांच्या पत्रांना उत्तरे देण्यासाठी एक परिचारिका नेमली. दुधाबरोबर सल्ला विकावा, ही कल्पना व्यापारी दृष्टीने अजोड होती. आपल्याकडे हे काम आजी आणि सुईण विनामूल्य करीत. पण एकट्या बिऱ्हाडात आजी कोठून आणावी?

१९२४ मध्ये हा डबा रीतसर मुंबईस आला. एच. जे. फॉस्टर आणि कंपनी ही ग्लॅक्सोचे बालान्न विकणारी अडत पेढी त्या वर्षी निघाली. योगायोग असा, की १९२१ मध्ये सुरू झालेला मुळशीचा सत्याग्रह त्याच वर्षी संपला. सेनापती बापटांसह कित्येकांनी कारावास भोगला, तरी धरण झालेच. जमिनी पाण्याखाली गेल्या. ज्या खोऱ्यात आंबेमोहोराची पेज हेच तान्ह्याचे पहिले अन्न, तेथील बायका पुढे मुंबईच्या चाळीत डब्यावरील चित्र पाहून चमचे मोजू लागल्या. ज्यास परवडे त्याने मापाप्रमाणे दूध दिले. ज्यास परवडेना त्याने एकच डबा पुरवून पुरवून वापरला. भुकटी कमी, पाणी अधिक, आणि ते पाणीही पुष्कळदा न उकळलेले. मूल मात्र चित्रातल्यासारखे होईना. यात मातेचा दोष काढणारे मी पाहिले आहेत. मला तो अन्याय वाटतो.

इकडे पेढीचे रूप पालटत होते. १९१९ मध्ये आलेले हॅरी जेफकॉट हे रसायनज्ञ. १९२४ मध्ये ड जीवनसत्त्वाचे औषध बाजारात आले, १९३५ मध्ये ग्लॅक्सो लॅबोरेटरीज ही स्वतंत्र कंपनी झाली, आणि १९४७ मध्ये या कन्येनेच नेथन कुटुंबाची मूळ पेढी आपल्यात सामावून घेतली. मुंबईची शाखा १९५० मध्ये त्याच नावाने नांदू लागली. वरळीचे तिचे कार्यालय अनेकांस स्मरत असेल.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये मातेच्या दुधाऐवजी द्यावयाच्या पदार्थांच्या विक्रीसंबंधी संहिता केली. भारतात १९९२ मध्ये कायदा झाला. त्याने अशा डब्यावर बालकाचे वा स्त्रीचे चित्र छापण्यास मनाई केली, आणि आईचे दूधच सर्वोत्तम, हे ठळकपणे छापणे बंधनकारक केले. १९९४ मध्ये मुंबईच्या कंपनीने कॉम्प्लान, ग्लुकॉन-डी आदी घरगुती खाद्यपदार्थांचा विभाग हाईन्झ कंपनीस विकला.

आमच्या घरचा डबा अद्याप आहे. त्यावरील अक्षरे पुसली गेली आहेत. आत आंबेमोहोराची कणी असते, नातवाच्या पेजेसाठी.