वापरसुलभता आणि अंतर्गत गुंतागुंत

सॉफ्टवेअर-रचनेतील एक मूलभूत पेच. वापरणाऱ्याचे काम सोपे करायचे, तर त्यातली अवघड बाजू प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला अंगावर घ्यावी लागते. गुंतागुंत एका मर्यादेपलीकडे नाहीशी होत नाही, ती कोणी सोसायची एवढेच ठरवता येते, असा सिद्धान्त अमेरिकी संगणकतज्ज्ञ लॅरी टेस्लर यांनी 1980 च्या दशकात मांडला.

देवनागरीपुरता हा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधी वर्ध्यात उभा राहिला. लेखक काका कालेलकर तेव्हा लिपिसुधारणेसाठी झटत होते. 1936 मध्ये वर्ध्यात स्थापन झालेल्या राष्ट्रभाषा प्रचार समितीने आपल्या पुस्तकांत इ, ई, उ, ऊ यांऐवजी अि, अी, अु, अू ही रूपे चालवली. छपाईला खिळे कमी लागत, टंकलेखन सुकर होई. हेतू चांगला होता. पण यंत्राची अडचण वाचकाने सोसावी अशी ती वाटणी होती, आणि सर्वसाधारण लेखनात ती रूपे रुळली नाहीत.

संगणकाने ही वाटणी उलटवली. जुन्या टंकयंत्रावर ‘वर्धा’ लिहिताना व, ध, काना आणि शेवटी रफार, तर ‘हिंगणघाट’ लिहिताना आधी वेलांटी, मग ह, असा दिसण्याचा क्रम पाळावा लागे. संगणकाच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर उच्चाराचा क्रम चालतो: व, र, हलन्त, ध, काना. भारतीय लिप्यांच्या संकेतनासाठीच्या 1991 च्या इस्की मानकाने आणि युनिकोडने अक्षरे याच क्रमाने साठवली. रफार माथ्यावर नेणे, वेलांटी ह च्या अलीकडे आणणे, जोडाक्षर घडवणे ही सारी उठाठेव फाँट आणि अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम करतो. ते नियम किचकट आहेत, पण मोजक्या लोकांनी ते एकदा लिहिले की कोट्यवधींचे काम सोपे होते. ही वाटणी न्याय्य म्हटली पाहिजे.

काम अर्धवट सोडले की भार पुन्हा वापरणाऱ्यावर येतो. ‘शेतकऱ्यांची’ या शब्दातला ऱ्य दोन प्रकारे साठवता येतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, किंवा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण साध्या शोधात एकाला दुसरा सापडत नाही. युनिकोडच्या प्रमाणीकरणातही हे दोन प्रकार एक होत नाहीत. त्यामुळे मराठीसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्याला त्यांना एक मानणारा नियम स्वतः लिहावा लागतो.