मफलरची सुरळी का होते? सुलट-उलट टाक्यांचा इतिहास

वणी म्हटलं की आपल्या श्रोत्यांना दोन गोष्टी लगेच आठवतात. एक म्हणजे सप्तशृंगीचा गड. दुसरी म्हणजे १६७० सालची वणी-दिंडोरीची लढाई, सुरतेहून परतताना शिवाजी महाराजांनी दाऊदखानाच्या मोगली फौजेला दिलेला तडाखा. आज मात्र आपण गडावरही जाणार नाही आणि लढाईवरही. आजचा विषय आहे वणीची थंडी, आणि त्या थंडीत गळ्याला, अंगाला लपेटायचं लोकरीचं कापड.

दिंडोरी-निफाड हा द्राक्षाचा पट्टा. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली जातो. मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. मग माणसाचं काय? त्याचं जुनं उत्तर म्हणजे घोंगडी.

घोंगडी तयार व्हायची ती धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांच्या लोकरीतून. लोकर कातरायची, पिंजायची, सूत काढायचं, चिंचोक्याची खळ द्यायची आणि सणगरांनी खड्ड्याच्या मागावर विणायची. दुसरा प्रकार जेन. त्यात सूतच नाही. लोकर पसरून, ओली करून, दाबून-लाटून तिचाच एक थर बनवायचा. दोन्ही गोष्टी जमिनीवर टाकल्या की सपाट पसरतात. घोंगडीत उभे धागे आणि आडवे धागे एकमेकांना धरून ठेवतात. जेनमध्ये केस सगळ्या दिशांनी गुंतलेले असतात. म्हणजे कडा वळण्याचा प्रश्न आपल्या जुन्या लोकरी कापडाला कधी पडलाच नाही.

तो प्रश्न आला दोन सुयांबरोबर.

आता एक प्रयोग करा. घरात एखादा जुना टी-शर्ट असेल तर खालून आडवा कापा आणि थोडा ताणा. कापलेली कड बाहेरच्या बाजूला गुंडाळत जाते. हाच टी-शर्ट उभा कापला तर कड आतल्या बाजूला वळते. कारण टी-शर्टचं कापड मागावर विणलेलं नाही, ते फाशांचं कापड आहे. एका फाशातून दुसरा फासा काढलेला. समोरून पाहिलं तर छोटे-छोटे व्ही दिसतात, मागून गाठींसारखे उंचवटे. प्रत्येक फाशात धागा जबरदस्तीने वाकवलेला असतो आणि त्याला सरळ व्हायचं असतं. सगळे फासे एकाच बाजूला तोंड करून बसले की सगळ्यांचा जोर एकाच दिशेला लागतो. मग कापड वळणारच!

मग जगाने अशी वीण स्वीकारली तरी कशी? सोपं आहे. ती मुळात मोज्यांसाठी होती.

सुयांवर विणलेल्या ज्या सर्वांत जुन्या वस्तू आज शिल्लक आहेत, त्यांत इजिप्तमध्ये सापडलेले निळे-पांढरे सुती मोजे आहेत, साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकातले. मोजा म्हणजे नळी. गोल-गोल विणत जायचं, सुलट टाकाच घालत राहायचं, उलट टाक्याची गरजच नाही. नळीला बाजूची कडच नसते, तर ती वळणार कुठून? उलट टाक्याच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी एक सापडतो तो थेट इटलीत. फ्लॉरेन्सच्या मेडिची घराण्यातली एलेओनोरा १५६२ मध्ये वारली. तिच्याबरोबर पुरलेल्या रेशमी मोज्यांच्या नक्षीत उलट टाके दिसतात. इंग्रजीत आजही सुलट बाजूच्या कापडाला मोज्यांची वीण म्हणतात, ते उगाच नाही.

गडबड झाली ती ही नळी उघडून सपाट पट्टी विणायला घेतल्यावर. मफलर, शाल, ब्लँकेट. एक सुई सुलट, एक सुई उलट असं विणलं की समोर सगळे व्ही, मागे सगळे उंचवटे. म्हणजे पुन्हा मोज्याचंच कापड, पण आता त्याला चार कडा आहेत. बाजूच्या कडा मागे वळतात, वरच्या-खालच्या पुढे. मफलरची होते सुरळी.

आपल्याकडे हे सुयांचं विणकाम रुजलं ते मुख्यतः इंग्रजांच्या काळात. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईत आल्या, पुढे अहमदनगरला गेल्या. अशा मिशनरी बायकांच्या मुलींच्या शाळांत अक्षरओळखीबरोबर सुईकामही असे. नंतर आपल्या माणसांच्या संस्था उभ्या राहिल्या. रमाबाई रानड्यांनी पुण्यात १९०९ मध्ये सेवासदन काढलं, तिथेही शिक्षणाला हातकामाची जोड होती. हळूहळू 'सुलट' आणि 'उलट' हे दोन शब्द घराघरांत पोचले. लोकरीचा गुंडा मांडीवर घेऊन बसलेली बाई हे मराठी घरातलं ओळखीचं चित्र झालं.

आणि मग आलं १९६२. २० ऑक्टोबरला चीनने लडाख आणि नेफा, म्हणजे आजचा अरुणाचल, अशा दोन्हीकडे हल्ला केला. आपले जवान पुरेशा गरम कपड्यांशिवाय हिमालयात लढत होते, ही गोष्ट देशभर पोचली. बायका ठिकठिकाणी स्वेटर, मोजे, मफलर विणायला बसल्या. नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, आणि १९६३ मध्ये ते लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले ते आपल्या नाशिकमधून.

आता त्या मफलरचा विचार करा. कडा वळून त्याचा दोर झाला, तर थंड वाऱ्यात गळा उघडा पडतो. घरी शोभेला असलेली वीण तिथे चालत नाही. तिथे पट्टी पसरून राहिलीच पाहिजे.

ती पसरते कशी? सुलट आणि उलट फाशांचा जोर दोन्ही बाजूंना सारखा वाटून दिला की. त्याचे चार सोपे मार्ग आहेत.

पहिला: जाताना-येताना सगळ्या सुया सुलट. दोन्ही बाजूंना सारख्या आडव्या घड्या पडतात, कापड जाड आणि लवचिक होतं. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी.

दुसरा: टाके विषम संख्येत घ्या, एक सुलट, एक उलट विणत जा, प्रत्येक सुईची सुरुवात आणि शेवट सुलट टाक्यानेच. साबुदाण्यासारखे दाणे उठतात. ब्लँकेटसाठी उत्तम, पण वेळ लागतो.

तिसरा: दोन सुलट, दोन उलट, एकावर एक तेच. उभ्या पट्ट्या पडतात. मफलर गळ्याला छान बिलगतो. मात्र कापड रुंदीत आखडतं, म्हणून ब्लँकेटला ही वीण घेतली तर टाके जास्त घालावे लागतात.

चौथा: आठच्या पटीत टाके. चार सुलट, चार उलट असं चार सुया, मग चार सुया अदलाबदल. टोपलीसारखे चौकोन दिसतात.

आणि ते 'कडेला चार-पाच टाक्यांची बॉर्डर द्या, झालं काम' असं सांगतात ना? मधलं सगळं कापड मोज्याच्या विणीचं असेल तर बऱ्याचदा बॉर्डरसकटच वळतं. इस्त्रीची वाफ देऊन लोकर सपाट होते, पण धुतली की पुन्हा मूळ स्वभावावर जाते. उपाय विणीतच करावा लागतो.

हे सगळं गणित आहे, मंडळी. सम-विषम, पट, अदलाबदल. आपल्या आज्यांनी ते बीजगणित न शिकता बोटांवर केलं. फार थोड्या जणींनी ते वहीत उतरवलं, बाकीचं ज्ञान त्यांच्याबरोबर गेलं. पण लोकरीचं कापड स्वतःच एक कागद असतो. फासे मोजले की विणणारीने कुठे काय केलं ते कळतं, आणि चूक उसवून पुन्हा घेतलेली असेल तर कधी कधी तेही.

तेव्हा या थंडीत ट्रंकेतला जुना मफलर काढा. आधी सतरंजीवर पसरा आणि बघा, सपाट राहतो का. मग उलटा करा. दोन्ही बाजू सारख्या दिसल्या तर विणणारीला हा वळण्याचा प्रश्न माहीत होता आणि उत्तरही. ती आजी किंवा मावशी घरात असेल तर तिच्या विणीला ती काय नाव देते ते विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. गावागावांत नावं वेगळी असतात, आणि ती पुस्तकांत सापडायची नाहीत.

भेटू पुढच्या भागात. तोवर गळा सांभाळा!