शिवळ

आमच्या शिरूरकडे बैलगाडा घाटात पळतो. चार बैल, पुढे घोडी, नि सगळा हिशेब सेकंदांचा. बैलांइतकंच लाकूडही टिकावं लागतं, हे मात्र कुणी सांगत नाही.

माझ्या लहानपणी भर बारीत शिवळ मोडली, बैल जुवातून निसटला. वडिलांनी त्यालाच दोष देऊन चाकणच्या बाजारात विकला. पुढे गाडा उकलताना शिवळेचा तुकडा सापडला, आतून किडलेला. वडील काही बोलले नाहीत.

७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली, १६ डिसेंबर २०२१ ला सशर्त परवानगी दिली, नि १८ मे २०२३ ला राज्याचा कायदाही वैध ठरवला. बैलांच्या छळावर न्यायालयात बराच खल झाला. मला मात्र तेव्हा आमचा तो विकलेला बैल आठवत होता.