मेलेला गेम बॉय

जपानमध्ये जुन्या मालाच्या दुकानात ‘जंक’ नावाचा एक कोपरा असतो. १९९३ साली नीगाता शहरात पहिले दुकान काढणाऱ्या हार्ड ऑफ या साखळीने तो गावोगावी ओळखीचा केला. पण त्याची मुळे युद्धानंतरच्या अकिहाबारात आहेत. तिथे रेडिओचे सुटे भाग आधी रस्त्यावरच्या ठेल्यांवर आणि पुढे रेल्वेच्या कमानीखालच्या हातभर गाळ्यांत विकले जात. शब्द इंग्रजी, पण जपानी दुकानदाराच्या तोंडी त्याला करारनाम्याचे वजन आहे: वस्तू चालेल असे आम्ही म्हटलेले नाही, ती परत घेतली जाणार नाही, पुढचे तुमचे तुम्ही पाहा. वायरी, रिमोट आणि कॅमेऱ्यांच्या ढिगात तिथे करड्या रंगाचे गेम बॉयही सापडतात, ‘चालू होत नाही’ एवढीच ओळख असलेले. ज्याने आयुष्यात सोल्डरिंगची कांडी हातात धरलेली नाही असा नवशिका ते घरी नेतो, आणि पुष्कळदा ते चालूही करतो. तिशी ओलांडलेले इलेक्ट्रॉनिक यंत्र अनोळखी हातांना इतक्या सहज वश व्हावे, हे जरा विचित्रच आहे. याचे श्रेय नेहमी हौशी मंडळींच्या चिकाटीला दिले जाते. माझ्या मते ते निम्म्याहून अधिक क्योतोत, निन्टेन्डो कंपनीत, यंत्राच्या जन्मापूर्वी घेतलेल्या काही निर्णयांना जाते. आणि ते निर्णय दुरुस्तीसाठी घेतलेलेच नव्हते.

गेम बॉयमागचे गुनपेई योकोई १९६५ मध्ये निन्टेन्डोत लागले तेव्हा ती पत्ते छापणारी कंपनी होती. हानाफुदा पत्त्यांच्या कारखान्यातल्या यंत्रांची देखभाल हे त्यांचे पहिले काम. पुढे खेळणी करता करता त्यांनी एक विचारसूत्र बांधले, ज्यात ‘कारेता गिजुत्सु’ हे शब्द येतात. शब्दशः अर्थ वाळलेले तंत्रज्ञान. मराठीत आपण मुरलेले म्हणू: नवलाई संपलेले, स्वस्त झालेले, ज्याच्या खोडी सगळ्यांना ठाऊक झाल्या आहेत असे. ते नव्या जागी वापरायचे, एवढेच सूत्र. सत्तरच्या दशकात कॅल्क्युलेटरवाल्या कंपन्यांच्या चढाओढीत द्रव स्फटिकांचे पडदे मातीमोल झाले. योकोईंनी १९८० मध्ये त्यांतून ‘गेम अँड वॉच’ काढले. २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये १२,५०० येनला आलेला गेम बॉय त्याच वळणाचा. त्याचा ८ बिटांचा प्रोसेसर ज्या घराण्यातला होता, ते घराणे तोवर पंधरा वर्षांचे झाले होते. पडदा चार छटांचा, मागे दिवा नाही, आणि वीज चार पेन्सिल सेलची. प्रतिस्पर्ध्यांनी हसावे असाच ऐवज. पण मुरलेली चिप फारशी तापत नाही, थोडी वीज खाते आणि कपाटात पडून पडून मरत नाही. मग मरते काय? जिथे यंत्राचा बाहेरच्या जगाशी संबंध येतो त्या जागा: सेलची पट्टी, बटन, कॅसेटची खाच, पडद्याची फीत.

सेलचे झाकण उघडले की हे दिसतेच. वर्षानुवर्षे आत राहिलेला अल्कलाइन सेल पाझरतो. बाहेर येणारे पोटॅशियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून स्प्रिंगवर पिठासारखी पांढरी पुटे धरते, आणि जिथे तांबे उघडे पडते तिथे हिरवट-निळा गंज चढतो. पाझर अल्कधर्मी, म्हणून कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगर घेऊन लावले की पूड फसफसते आणि सुटते. मग अल्कोहोलने पुसून काढायचे. नवशिक्याने हे झाल्यावर नवे सेल घालावेत आणि पडद्याकडे नव्हे, पडद्याच्या डाव्या अंगाच्या तांबड्या दिव्याकडे पाहावे. गेम बॉयची दोन शकले असतात, मागच्यात सेल आणि प्रोसेसर, पुढच्यात पडदा आणि हा दिवा, आणि दोहोंना जोडणारी एक चपटी फीत. दिवा लागला म्हणजे वीज सेलपासून बटनातून, फितीवरून, पुढच्या शकलापर्यंत पोचली. दिवा नाही तर दोष त्याच वाटेवर कुठेतरी आहे, आणि मल्टिमीटरची दोन टोके वाटेवरच्या एकेका थांब्यावर टेकवत गेले की तो सापडतो. दिवा आहे, आवाज आहे, पण पडदा कोरा? तर आधी कडेचे काँट्रास्टचे चाक फिरवून पाहायचे. ते उतरवून ठेवल्यामुळे ‘मृत’ ठरलेले यंत्र ही या धंद्यातली सर्वांत स्वस्त लॉटरी असावी. चाकानेही भागले नाही, तर आतल्या छोट्या वीजपट्टीवर संशय घ्यायचा, जी सेलच्या ६ व्होल्टांतून चिपसाठी ५ व्होल्ट आणि पडद्यासाठी ऋण दाब तयार करते.

याहून मौजेची गोष्ट कुलपाची. गेम बॉय सुरू होताना निन्टेन्डोचे नाव वरून खाली सरकत येते, हे खेळलेल्या कोणालाही आठवेल. ते नाव यंत्र कॅसेटमधून वाचते, पडद्यावर उतरवते, आणि मग आपल्या पोटातल्या प्रतीशी ताडून पाहते. जुळले नाही तर तिथेच थांबते. हेतू कायद्याचा होता: परवान्याविना कॅसेट काढणाऱ्याला कंपनीचे बोधचिन्ह छापावेच लागावे आणि त्याला त्यावरून कोर्टात खेचता यावे. पण दुरुस्तीच्या टेबलावर याच कुलपाचा आरसा झाला. नाव विस्कटलेले उतरले तर कॅसेटच्या पट्ट्या मळल्या आहेत. नुसता काळा ठोकळा उतरला तर यंत्राला कॅसेटचे काहीच ऐकू येत नाही. पण ठोकळा उतरवण्याइतके प्रोसेसर, स्मृती आणि पडदा धडधाकट आहेत, हेही त्याच क्षणी सिद्ध होते. निदानासाठी वेगळी सोय करायला कंपनीने एक पैसाही खर्च केला नव्हता. वकिलांसाठी केलेली सोय नवशिक्याच्या कामी आली.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: जे गेम बॉय उठले त्यांचीच कहाणी सांगितली जाते, न उठलेले भंगारात गेले. आखाती युद्धात बराकीतल्या आगीत कवच वितळलेला आणि तरी चालणारा एक गेम बॉय न्यूयॉर्कमधल्या निन्टेन्डोच्या दुकानात अनेक वर्षे मांडलेला होता. त्याने जाहिरात होते, सिद्ध काहीच होत नाही. म्हणून तुलना समवयस्काशी करायला हवी, आणि सुदैवाने एक समवयस्क आहे. सेगाचा गेम गिअर ऑक्टोबर १९९० चा. रंगीत पडदा, मागे नळीचा दिवा, सहा पेन्सिल सेल आणि तेही तीन ते पाच तासांत संपणारे. दोन्ही यंत्रे तशाच घरांत, तशाच खोक्यांत पडून राहिली. तरी आज न तपासलेला गेम गिअर घेणारा जाणकार कपॅसिटर बदलायचे आहेत हे गृहीतच धरतो. त्या पिढीचे पट्टीवर चिकटवलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आपणहून पाझरतात. आधी आवाज क्षीण होतो, मग चित्र विझत जाते, आणि पाझर खालच्या तांब्याच्या रेषाही खातो. गेम बॉयमध्येही कपॅसिटर आहेत, ते बिघडतातही. पण थोडे, आणि पाय भोकातून आरपार घातलेले, त्यामुळे बदलायला सोपे. म्हणजे न उठलेले भंगारात गेले हे दोघांनाही लागू आहे, आणि फरक तरी उरतोच. ज्या रंगीत पडद्यामुळे १९९० मध्ये गेम गिअर श्रीमंत दिसला, तो चमकवणाऱ्या मंडलानेच त्याचे म्हातारपण कठीण केले.

दुसरा आक्षेप असा की कंपनीला दुरुस्ती नकोच होती. हे मान्य. कवचाला तीन पाकळ्यांचे स्क्रू आहेत, जे घरातल्या पेचकसाने निघत नाहीत. पण एकदा ते काढले की आत साधे चौफुली स्क्रू, ओढून निघणारी फीत, नंबर छापलेली चिप. बाहेर दारवान आणि आत सताड उघडा वाडा, असा प्रकार. २००३ च्या गेम बॉय ॲडव्हान्स एसपीत वाडाही आकसला: घडीचा सांगाडा, लिथियम बॅटरी, चार्जिंगचे मंडल, आणि मुंगीएवढे फ्यूज, ज्यांतला एक उडाला तरी यंत्र ठार मेल्यासारखे दिसते. मीटरचा बीप ऐकून फ्यूज ओळखणे नवशिक्याला जमते, बदलणे सहसा नाही. निदान आणि उपचार यांत अंतर पडायला लागले ते इथून. अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि मिनेसोटा राज्यांनी २०२३ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे कायदे केले, त्यांतूनही गेम कन्सोल वगळले गेले.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि तो आपल्या घरातलाच आहे. मुरलेले तंत्रज्ञान एवढ्याने भागत असेल, तर नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या जत्रांपासून स्टेशनरीच्या दुकानांपर्यंत मिळणारा ‘९९९९ इन १’ ब्रिक गेमही तसाच दुरुस्त व्हायला हवा. तोही स्वस्त, सेलवर चालणारा, कॅल्क्युलेटरच्या जातकुळीचा. अर्ध्या वाटेपर्यंत तो होतोही: सेलची स्प्रिंग, सुटलेली वायर, बटनाखालचे काळे रबर. पुढे मात्र पट्टीच्या मधोमध डांबरासारखा एक काळा ठिपका येतो, आणि चिप त्याच्या खाली गाडलेली. तिच्यावर नंबर नाही, तिचा नकाशा कुठे नाही, आणि शेजाऱ्याच्या ब्रिक गेममधली पट्टी याला बसेलच असे नाही, कारण बनवणारे बिननावाचे कारखाने किती होते ते कोणी मोजलेले नाही. याउलट एकाच कंपनीचे गेम बॉय आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून सुमारे ११ कोटी ८७ लाख विकले गेले. वीजपट्टी जळलेला एक आणि पडदा फुटलेला दुसरा, असे दोन करडे गेम बॉय जंकच्या ढिगातून उचलले, तर त्यांतून एक उभा राहतो.