तांदळावरची बुरशी आणि रात्रीची गोळी

आम्ही चामटोलीच्या बचत गटाच्या बायका. मागच्या वेळी आम्ही कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोललो होतो. आजचा विषय वेगळा वाटेल, पण तोही गटाच्या वहीतूनच निघाला आहे.

आमच्या गटात एक ताई आहेत, वय पन्नाशीच्या पुढे. दोन वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. त्या वेळी गटाने त्यांना आजारपणाचं कर्ज दिलं. आमच्याकडे एरवी महिना दोन टक्के व्याज असतं, आजारपणाला एक टक्का. ताई घरी आल्या, कामाला लागल्या, हप्ते फेडू लागल्या. या पावसाळ्यात एका बैठकीत सहज विचारलं, "ताई, गोळ्या चालू आहेत ना?" तर म्हणाल्या, "कोलेस्ट्रॉलची बंद केली. रिपोर्ट नॉर्मल आला ना! आणि ती एकदा लागली की सुटत नाही म्हणतात." चार महिने त्यांनी ती गोळी घेतली नव्हती आणि आमच्यापैकी कुणाला पत्ता नव्हता. कर्जाचा हप्ता एक दिवस चुकला तर आम्ही दारात उभ्या राहतो, पण गोळीचं कुणी विचारलं नव्हतं.

मग बैठकीत वाद झाला. एक म्हणाली, ही सगळी कंपन्यांची कमाई. दुसरी म्हणाली, आपण शेतात राबणाऱ्या बायका, आपल्याला कसलं कोलेस्ट्रॉल. तिसरीने विचारलं, ही गोळी आली तरी कुठून? त्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. आम्ही ते शोधलं, वाचलं, आणि आज तेच सांगणार आहोत. ताईंना विचारूनच सांगतो आहोत. फक्त नाव घेऊ नका म्हणाल्या, सासरचे रेडिओ ऐकतात.

तर ही गोळी आली तांदळावरच्या बुरशीतून. हो, बुरशीच. पावसाळ्यात पिंपातल्या तांदळाला ओल लागली की निळसर हिरवी बुरशी धरते, ती आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. २०१९ च्या जुलैत बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात उभी राहिली होती, आठवतं ना? त्या पावसात आमच्या गटातल्या दोघींच्या घरातलं धान्य असंच वाया गेलं.

पण गोष्ट त्याच्या खूप आधी सुरू होते. कोलेस्ट्रॉल हे नाव दोनशे वर्षांहून जुनं आहे. फ्रान्समधल्या शेवरूल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने पित्ताच्या खड्यांत सापडणाऱ्या मेणासारख्या पदार्थाला १८१५ च्या सुमारास ते नाव दिलं. ग्रीक भाषेत पित्ताला 'कोले' म्हणतात, त्यावरून. त्या वेळी त्याचा हृदयाशी संबंध कुणी जोडला नव्हता. १९१३ मध्ये रशियात अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्ट्रॉल खाऊ घातलं आणि त्यांच्या रक्तवाहिन्या आतून चरबीने भरलेल्या दिसल्या. लोक म्हणाले, ससा गवत खाणारा प्राणी, त्याचं माणसाला कसं लावता? त्यात तथ्य होतं. मग १९४८ मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात ५,२०९ माणसांची नोंद सुरू झाली. त्यांना वर्षानुवर्षं ठरावीक काळाने तपासायचं आणि हृदयविकार कुणाला होतो ते पाहायचं. या गावाचं आम्हाला विशेष वाटतं ते एवढ्यासाठी, की तिथे पहिल्या दिवसापासून बायकांचीही नोंद होती. रक्तात कोलेस्ट्रॉल जास्त, रक्तदाब जास्त, विडी-सिगारेटची सवय, की धोका वाढतो, हे त्या नोंदींतून पुढे आलं.

धोका कळला, पण औषध नव्हतं. इथे जपानमधला एक शेतकऱ्याचा मुलगा येतो, अकिरा एन्डो. जन्म १९३३ चा, उत्तरेकडच्या अकिता भागातला. त्याला लहानपणापासून बुरशी आणि अळंब्यांचा नाद. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर अळंबी शोधायला रानात जाणारी पोरं असतात, तसाच म्हणा. मोठेपणी तो टोकियोच्या सांक्यो औषध कंपनीत लागला. मधली दोन वर्षं न्यूयॉर्कला शिकायला गेला, तेव्हा तिथे हृदयविकाराने किती माणसं जातात ते त्याने पाहिलं. पेनिसिलिन बुरशीतून मिळालं होतं हे त्याला माहीत होतं. त्याचा विचार साधा होता. बुरशी आपल्या शत्रूंना मारायला विषं तयार करते. शरीरात कोलेस्ट्रॉल बनवणारं जे यंत्र आहे, ते बंद पाडणारं काहीतरी एखादी बुरशी तयार करत असेलच.

१९७१ मध्ये शोध सुरू झाला. दोन वर्षांत सहा हजारांवर बुरशा तपासल्या. एकीतून उपयोगी पदार्थ मिळाला, पण तो मूत्रपिंडाला घातक निघाला, सोडून द्यावा लागला. अखेर १९७२ मध्ये क्योटो शहरातल्या एका धान्याच्या दुकानातून आणलेल्या तांदळावर ती बुरशी सापडली. तिच्यातून निघालेल्या पदार्थाला पुढे कॉम्पॅक्टिन नाव मिळालं. हेच पहिलं स्टॅटिन.

इथे थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण बैठकीत एकीने हसत हसत विचारलं होतं, मग बुरा लागलेला भातच खाऊ का? अजिबात नको. तांदळावर पोसणाऱ्या बुरशा मूत्रपिंडाचं आणि यकृताचं विषही तयार करतात. एन्डोंनी त्या बुरशीतून एकच पदार्थ वेगळा काढला, शुद्ध केला, मोजला. बुरा लागलेलं धान्य फेकून द्यायचं, कोंबड्यांनाही घालायचं नाही.

कोंबड्यांवरून आठवलं, या गोष्टीतला आमचा सर्वात आवडता भाग कोंबड्यांचाच आहे. औषध सापडलं, पण उंदरांवर चालेना. कंपनीत सगळे म्हणू लागले, सोडा हा नाद. एन्डोंची गाठ एका पेयपानाच्या दुकानात कितानो नावाच्या सहकाऱ्याशी पडली. त्याच्याकडे प्रयोगासाठी पाळलेल्या अंड्यावरच्या कोंबड्या होत्या. एन्डोंनी विचार केला, अंड्याच्या बलकात कोलेस्ट्रॉल भरपूर, म्हणजे अंडी घालणारी कोंबडी ते भरपूर तयार करत असणार. १९७६ मध्ये त्या कोंबड्यांना औषध दिलं आणि त्यांच्या रक्तातलं कोलेस्ट्रॉल जवळपास निम्म्यावर आलं. ज्या बाईने कधी कोंबडी पाळली आहे, तिला हे डोकं पटकन समजेल.

माणसांत हे औषध मिळालेल्या पहिल्या रुग्णांपैकी एक होती ओसाकाची अठरा वर्षांची मुलगी. साल १९७८. तिला जन्मजात, घराण्यातून आलेला आजार होता, कोलेस्ट्रॉल प्रचंड. औषधाने ते उतरलं, पण तिच्या स्नायूंत अशक्तपणा आला. डॉक्टर यामामोतो यांनी औषध थांबवलं आणि नंतर कमी मात्रेत पुन्हा सुरू केलं. म्हणजे 'या गोळीने हातपाय दुखतात' ही तक्रार अगदी पहिल्या दिवसांपासूनची आहे. उपायही तेव्हाचाच: डॉक्टरांना सांगायचं, त्यांनी मात्रा बदलायची.

सांक्योने पुढे ते औषध सोडून दिलं. अमेरिकेतल्या मर्क कंपनीने दुसऱ्या बुरशीतून तशाच प्रकारचं लोव्हास्टॅटिन काढलं आणि १९८७ मध्ये त्याला तिथे मंजुरी मिळाली. एन्डोंना या औषधांच्या कमाईतला वाटा मिळाला नाही. २०२४ मध्ये नव्वदाव्या वर्षी ते वारले. आम्हाला हे वाचून वाईट वाटलं, नवल वाटलं नाही.

ही गोळी करते काय, तेही सांगतो. बहुतेक कोलेस्ट्रॉल खाण्यातून येत नाही, आपलं यकृतच ते बनवतं. गोळी यकृताचं ते काम मंदावते. मग यकृताला कमी पडतं आणि ते रक्तातलं वाईट कोलेस्ट्रॉल ओढून घेऊ लागतं. घरची विहीर आटली की आपण ओढ्यावर घागरी नेतो, तसं. यकृताची ही ओढून घेण्याची दारं ब्राउन आणि गोल्डस्टीन या दोन अमेरिकन डॉक्टरांनी शोधली, त्यांना १९८५ चं नोबेल मिळालं. आता ताईंचा रिपोर्ट पाहा. तो नॉर्मल होता तो गोळीमुळे. गोळी थांबली की यकृत पुन्हा पहिल्यासारखं बनवू लागतं. सवय लागणं वेगळं आणि हे वेगळं.

उपयोग खरंच होतो का? १९९४ मध्ये युरोपच्या उत्तरेकडच्या देशांतल्या ४,४४४ हृदयरोग्यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना गोळी, निम्म्यांना नुसती तशीच दिसणारी खोटी गोळी. पाच वर्षांहून थोड्या अधिक काळात खोटी गोळी घेणाऱ्यांतले २५६ जण दगावले, खरी घेणाऱ्यांतले १८२. त्यात ८२७ बायका होत्या, म्हणजे पाचातली एकही पूर्ण नाही. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडचा ६,५९५ माणसांचा अभ्यास आला, ज्यांना अजून झटका आलेला नव्हता त्यांचा. त्यात एकही बाई नव्हती. हृदयविकार पुरुषांचा, असं डॉक्टर मंडळीही कितीतरी काळ धरून चालली. आमच्या ताईंना छातीत जड वाटलं तेव्हा घरच्यांनी आधी पित्त म्हणूनच सोडा दिला होता.

भीतीचीही बाजू लपवायला नको. सेरिव्हास्टॅटिन नावाची या जातीची एक गोळी स्नायू नासवते असं दिसलं, माणसं दगावली, आणि २००१ मध्ये बायर कंपनीने ती बाजारातून काढली. ती आता मिळत नाही. बाकीच्यांबाबत असा प्रकार फार क्वचित होतो, पण लघवी गडद झाली आणि अंग विलक्षण दुखलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. दिवस राहिले असतील किंवा राहावेत असं वाटत असेल, तर तेही डॉक्टरांना आधी सांगावं.

आपल्या देशातही एक शोध झाला होता. बनारसला डॉ. सत्यवती यांनी सुश्रुतसंहिता वाचून गुग्गुळावर संशोधन केलं, १९६६ मध्ये. त्यातून पुढे गुगुलिपिड हे औषध आलं. २००३ मध्ये अमेरिकेत त्याची चाचणी झाली, तेव्हा वाईट कोलेस्ट्रॉल उतरण्याऐवजी थोडं वाढलेलं दिसलं. आमच्यातल्या काही जणी अजून काढ्यावर विश्वास ठेवतात. आम्ही भांडत नाही, काढा आवडत असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या, पण गोळीच्या जागी नको.

आणि 'आपण बारीक, आपल्याला कसलं कोलेस्ट्रॉल' याला उत्तर पुण्याजवळच्या गावांतून मिळतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. वजन कमी, तरी आपल्या बाळांच्या अंगात चरबी मात्र राखलेली. २००४ मध्ये याज्ञिकांनी स्वतःचा आणि एका इंग्रज डॉक्टर मित्राचा फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच, पण मित्राच्या अंगात चरबी ९ टक्के आणि याज्ञिकांच्या २१ टक्के. काटा बारीक दाखवतो आणि आत वेगळंच असतं. म्हणून रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. १९७० च्या पेटंट कायद्याने आपल्या कंपन्यांना दुसऱ्या पद्धतीने तेच औषध बनवायची मुभा दिली. म्हणून परदेशात महाग असलेलं ॲटोरव्हास्टॅटिन इथे लवकर स्वस्त झालं. आता ते जन औषधी केंद्रातही मिळतं. चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असेल तर डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. ताई एक दिवसाआड गोळी घेऊन पैसे वाचवायच्या, नंतर बंदच केली, हे आम्हाला खूप उशिरा कळलं.

ताईंना आम्ही दोघी डॉक्टरांकडे घेऊन गेलो. गोळी पुन्हा सुरू झाली आहे. रात्रीच घ्यायची का, हे त्यांनी विचारलं. यकृत कोलेस्ट्रॉल रात्री जास्त बनवतं, म्हणून काही जुन्या गोळ्या रात्री देतात. ताईंची कोणत्याही वेळी चालते. त्यांनी तरी रात्रच ठेवली, भांडी घासून झाल्यावर. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं आहे, त्याचे पैसे गटातून आगाऊ काढून ठेवले आहेत. व्याज नाही.