गर्दीतली काठी

चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत जोतिबाच्या डोंगरावर दोन प्रकारच्या काठ्या मी पाहत आलो आहे. पहिली सगळ्यांना ठाऊक असलेली सासनकाठी. तीस-चाळीस फुटी कळक, चहूबाजूंनी ताणलेल्या तोरण्यांच्या दोऱ्या, मधे काठी पेलणारा गडी आणि वरून गुलाल-खोबऱ्याचा पाऊस. पहिला मान सातारा जिल्ह्यातल्या पाडळीच्या काठीचा. दुसरी काठी कुणाच्या नजरेत भरत नाही. ती स्काउटच्या पोराच्या हातात असते, त्याच्या नाकापर्यंत पोचेल एवढीच. दोघांनी मिळून आडवी धरली की तिचा कठडा होतो आणि कडेवर लेकरू घेतलेल्या बाईला वाट मिळते.

आठवीत मी स्काउटमध्ये नाव घातलं, तेव्हा गणवेशाआधी हातात आली ती ही काठी. तापलेल्या सळईनं आम्ही तिच्यावर फूट आणि इंचाच्या खुणा पाडल्या. त्या कशासाठी, हे पुढं पुस्तकांतून कळलं. १८९५-९६ मध्ये पश्चिम आफ्रिकेत, आजच्या घानात, इंग्रजांनी आशांती मोहीम काढली. तिथल्या दलदलीत पाऊल टाकण्याआधी खोली बघायला खुणांची काठी लागे. त्या मोहिमेवर बेडन-पॉवेल नावाचा अधिकारी होता. १९०७ च्या ऑगस्टमध्ये त्यानं ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर भरवलं, १९०८ मध्ये स्काउटिंगवरचं पुस्तक काढलं, आणि काठी पोरांच्या हाती आली. साम्राज्याच्या लढाईतून आलेली वस्तू आहे ही, ते लपवायचं कारण नाही.

१९०९ मध्ये स्काउटिंग बंगळुरात पोचलं, पण ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतं. इथल्या पोरांना गणवेश, शिस्त आणि काठी द्यायला सरकार कचरत होतं. पण सरकारनं दार उघडायची वाट इथल्या माणसांनी पाहिली नाही. श्रीराम वाजपेयींनी १९१३ मध्ये शाहजहानपुरात स्वतःचं पथक उभारलं. १९१६ मध्ये मद्रासेत ॲनी बेझंटबाईंनी भारतीय मुलांसाठी वेगळी संघटना काढून त्यांच्या डोक्यावर फेटा चढवला.

मला मात्र या वंशावळीतली सगळ्यात मोलाची जागा वाटते ती १९१५ चा हरिद्वारचा कुंभमेळा. गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापलेल्या भारत सेवक समाजाचे स्वयंसेवक तिथं पंडित हृदयनाथ कुंझरूंच्या हाताखाली राबत होते. दक्षिण आफ्रिकेतून परतलेले गांधीजी तिथल्या आपल्या फिनिक्स आश्रमाची मंडळी घेऊन मदतीला गेले आणि शौचासाठी खणलेल्या खड्ड्यांवर माती लोटण्याचं काम त्यांनी मागून घेतलं. पुढं याच कुंझरूंनी मदनमोहन मालवीय आणि वाजपेयींच्या जोडीनं अलाहाबादेत सेवा समितीची स्काउट संघटना उभी केली. बेडन-पॉवेल १९२१ मध्ये इथं येऊन भारतीय मुलांना अधिकृत प्रवेश देऊन गेले, पण तोवर आपला स्काउट यात्रेच्या गर्दीत जन्मला होता. इंग्लंडातली पोरं रानात माग काढायला शिकली, आपली पोरं चुकलेल्या म्हातारीला तिच्या गावकऱ्यांपर्यंत पोचवायला शिकली.

कुंझरू तिथं थांबले नाहीत. एनसीसीची योजना ज्या समितीनं आखली तिचे ते अध्यक्ष होते. १९४८ चा एनसीसी कायदा त्यातूनच आला. ७ नोव्हेंबर १९५० ला वेगवेगळ्या स्काउट संघटना एकत्र येऊन भारत स्काउट्स झाल्या आणि १५ ऑगस्ट १९५१ ला गाइड्सच्या मुलीही त्यात आल्या.

हा झाला इतिहास; काठीचं खरं काम आम्हाला शाळेत एका दुपारी समजलं. सरांनी दोघांना शर्ट काढायला लावले. बाह्या उलट्या करून आत ओढल्या, बटणं लावली आणि त्या बाह्यांतून दोन काठ्या आरपार घातल्या. झाली डोली. वर्गातल्या सगळ्यात जाड पोराला तिच्यावर झोपवून आम्ही चौघांनी मैदानाला फेरी घातली. एकही बटण तुटलं नाही. त्याआधी ज्या काठीनं आम्ही एकमेकांशी ठोकाठोकी खेळायचो, तिला त्यानंतर कुणी तसं हाताळलं नाही. पुढं डोंगरावर, जोतिबाची पालखी यमाईच्या देवळाकडं निघाल्यावर, त्याच काठीमागं उभं राहिलो. चौदा वर्षांच्या पोरानं ‘आजी, इकडनं या’ म्हटलं की अनोळखी माणसं ऐकतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्या वयात घरातही आपलं कुणी ऐकत नाही! गळ्यातला स्कार्फ आणि हातातली काठी बघून लोक विश्वास टाकत होते, आणि तो विश्वास पेलताना पाय थरथरत होते.

आज कित्येक शाळांत स्काउट म्हणजे पंधरा ऑगस्टच्या संचलनापुरता गणवेश उरला आहे. काठ्या कपाटामागं धूळ खात पडतात. मुख्याध्यापकांना आणि पालकांना माझं एवढंच सांगणं आहे: परीक्षेचं कारण सांगून पोरांना अडवू नका. येत्या चैत्रात पथकाला दोन दिवस डोंगरावर सोडा, आणि आत्ताच त्या काठ्या बाहेर काढून त्यांवरच्या खुणा नीट दिसतात का ते बघा.